विज्ञानरात्र : सहकुटुंब, सहपरिवार

लग्नमुंजीच्या निमंत्रणपत्रिकेंत ‘सहकुटुंब, सहपरिवार यावें’ हे शब्द न चुकतां असतात. शाळेकडून घरोघर जाणाऱ्या कागदांत ते सहसा आढळत नाहींत. शाळेचा कागद म्हणजे फीची आठवण, गैरहजेरीची चौकशी, नाहीं तर पालकसभेची सूचना. आणि त्या सभेला घरांतून एकानें यावें, बाकावर अवघडून बसावें, मुलाच्या गुणांचा आंकडा ऐकावा व सही करून निघावें, एवढीच अपेक्षा असते. ज्या बापाला स्वतःला चौथीपलीकडे शाळा लाभली नाहीं त्याला तें बाक किती टोचतें, हें त्या खोलींतील थोड्यांच्याच ध्यानांत येतें. अशा घरांतील माणसांना एका संध्याकाळीं शाळेंत बोलवावें, आणि तेंहि ऐकण्यासाठीं नव्हे तर शास्त्राचे व यंत्रांचे साधे प्रयोग मुलांच्या बरोबरीनें स्वतःच्या हातांनीं करण्यासाठीं, या कल्पनेचा आज येथें विचार करावयाचा आहे. कित्येक शाळांतून तिला ‘फॅमिली सायन्स नाइट’ असें म्हणतात. विज्ञानरात्र म्हटलें तरी अर्थ तोच.

ही कल्पना अगदींच नवी म्हणतां येणार नाहीं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें 1825 सालीं नाताळच्या सुटींत मुलांसाठीं शास्त्रीय व्याख्यानें सुरू झालीं, आणि 1827 ते 1860 या काळांत मायकेल फॅरेडे यानें अशा एकोणीस व्याख्यानमाला दिल्या. फॅरेडे हा लोहाराचा मुलगा. शाळा नांवापुरती झालेली. पुढें पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवारी करीत असतां बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचून तो शिकला. त्याची सर्वांत गाजलेली माला होती साध्या मेणबत्तीवर. सहा व्याख्यानें, आणि विषय एक मेणबत्ती! वितळलेलें मेण वातींतून वर कसें चढतें, ज्योतीवर थंड भांडें धरलें तर त्याला पाणी कोठून सुटतें, काजळी कोठून येते, असें एकेक पुसत त्यानें मुलांना हवेच्या आणि श्वासाच्या रसायनापर्यंत नेऊन पोंचविलें. प्रत्येकाच्या घरीं असलेली वस्तु घेऊन आरंभ करावयाचा, ही त्याची युक्ति विज्ञानरात्र भरविणारानें आधीं उचलावी. मात्र तेथें हात चालत ते फॅरेडेचे. मुलें व त्यांच्यासमवेत आलेलीं वडील माणसें बसून पाहत. गेल्या कांहीं दशकांत अमेरिकेंतील शाळांत जी कौटुंबिक विज्ञानरात्रीची प्रथा रुळली, तिनें व्यासपीठ काढून टाकलें आणि त्या जागीं टेबलें मांडलीं. एका टेबलापाशीं एक कुटुंब पांचदहा मिनिटें थांबतें, करून पाहतें, आणि पुढें सरकतें.

आपल्याकडे 28 फेब्रुवारी हा दिवस 1987 पासून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. चंद्रशेखर वेंकट रामन यांना प्रकाशाच्या विकिरणासंबंधींचा त्यांच्या नांवानें ओळखला जाणारा परिणाम 1928 सालीं त्या दिवशीं गवसला. त्या निमित्तानें शाळाशाळांतून प्रदर्शनें भरतात. परंतु प्रदर्शन निराळें आणि विज्ञानरात्र निराळी. हा भेद न ओळखल्यामुळें एका शाळेची पहिली रात्र कशी वायां गेली, तें सांगण्यासारखें आहे.

ही शाळा तालुक्याच्या एका गांवची. मुख्याध्यापक हौशी, शिक्षकांत दोघे-तिघे धडपडे. त्यांनीं छापील पत्रिका वांटल्या आणि सभागृहांत चाळीस प्रतिकृति मांडल्या. थर्मोकोलचा ज्वालामुखी होता, बाजारांतून तयार आणलेली पवनचक्की होती, पुठ्ठ्याचा अग्निबाण होता. प्रत्येक प्रतिकृतीपाशीं एक विद्यार्थी हात मागें बांधून उभा, आणि त्याला एक परिच्छेद तोंडपाठ. कोणी मध्येंच कांहीं विचारलें कीं तो बिचारा अडखळे आणि परिच्छेद पहिल्यापासून सुरू करी. ‘हात लावूं नये’ अशा पाट्या जागोजाग होत्या. प्रमुख पाहुणे पाऊण तास बोलले. आलेले पालक म्हणजे गांवांतले डॉक्टर, दुकानदार, बँकेंतले कारकून आणि शिक्षकांचींच कुटुंबें.

एक गृहस्थ मात्र कुंपणाबाहेर मोटारसायकलवर बसून राहिले होते. त्यांचा मुलगा सातवींत. मुख्याध्यापकांनीं स्वतः जाऊन “आंत चला” म्हटलें, तेव्हां ते हंसले आणि म्हणाले, “आम्हांला त्यातलं काय कळणार, गुरुजी! पोरगं आलं कीं जातो.” हे गृहस्थ विहिरींवरील पंपांच्या जळालेल्या मोटारी पुन्हां भरून देण्याचें काम करीत. कोणत्या जाडीची तांब्याची तार, तिचे किती वेढे, ते कोणत्या खांचेंत, हें त्यांच्या बोटांना पाठ. आणि त्याच वेळीं सभागृहांत विजेच्या मोटारीची एक इवलीशी प्रतिकृति बंद पडली होती. तीन शिक्षक तिच्याभोंवतीं वांकले होते, आणि ती कांहीं केल्या फिरत नव्हती. सातवींतला तो मुलगा तेथेंच उभा होता. ‘माझ्या बाबांना बोलावूं कां?’ हे शब्द ओठांवर आले होते, पण सर्वांदेखत म्हणवले नाहींत, असें त्यानें पुढें कधीं तरी आपल्या वर्गशिक्षकांना सांगितलें. तें मुख्याध्यापकांच्या कानावर आलें आणि त्यांना पुष्कळ दिवस लागून राहिलें.

दुसऱ्या वर्षीं तयारीची सभा बसली तेव्हां त्यांनीं प्रयोगांचा विषयच काढला नाहीं. त्यांनीं विचारलें, “आपल्या मुलांच्या घरीं कोण काय काम करतं?” शिक्षकांना दहाबारा नांवांपलीकडे सांगतां येईना. मग आठवडाभर वर्गावर्गांतून यादी झाली. गवंडी निघाले, सुतार निघाले, शिवणकाम करणाऱ्या बाया निघाल्या. दूधसंकलन केंद्रावर दूध तपासणारा एक निघाला. सायकलीचें दुकान, मोबाइल-दुरुस्तीची टपरी, गुऱ्हाळ, दवाखान्यांतील परिचारिका, असें कितीतरी निघालें. ही यादी हातीं आल्यावांचून टेबलांची यादी करूंच नये. पुष्कळ शाळा नेमकें उलट करतात. पुस्तकांतून प्रयोग निवडतात आणि मग ते दाखविण्यास शिक्षक नेमतात. त्या रीतीनें भरलेली रात्र वाईट होते असें नाहीं, पण ती कोणत्याहि गांवची असूं शकते.

यानंतर दिवस ठरवावा. विज्ञान दिन फेब्रुवारीच्या अखेरीस येतो, आणि त्याच सुमारास महाराष्ट्रांत बारावी-दहावीच्या परीक्षांची धांदल असते. पुष्कळ शाळांच्या इमारती त्यांत गुंतलेल्या असतात. म्हणून त्या दिवसाचा हट्ट नसावा. डिसेंबर-जानेवारींत आकाश निरभ्र असतें आणि अंधार लवकर पडतो, त्यामुळें लहान मुलांना जागविल्यावांचून तारे दाखवितां येतात. भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या आसपासचा दिवस पाहावा. पौर्णिमेचा चंद्र डोळ्यांना सुंदर, पण दुर्बिणींत तो सपाट दिसतो, कारण सूर्याचा उजेड त्यावर समोरून पडतो व सावल्या उरत नाहींत. अष्टमीच्या चंद्रावर उजेड आणि अंधार यांच्या सीमेपाशीं डोंगरांच्या सावल्या लांब पडतात, आणि लहानशा दुर्बिणींतूनहि विवरें कोरल्यासारखीं उमटतात. शिवाय तो सूर्यास्ताच्या वेळींच आकाशांत उंच असतो, त्याची वाट पाहावी लागत नाहीं.

आकाशाची सोय पाहिली तशी माणसांचीहि पाहावी, आणि ती अधिक कठीण आहे. ज्यांच्या दारीं जनावरें आहेत त्यांची धारा काढण्याची वेळ संध्याकाळचीच. वाडीवस्तीवरच्या मंडळींना शेवटची एस. टी. गांठावी लागते. शेतीपंपांना वीज पाळीपाळीनें मिळते. ज्या आठवड्यांत ती रात्रीं येते त्या आठवड्यांत शेतकरी पिकाला पाणी द्यायला जाईल, विज्ञान पाहावयास येणार नाहीं, आणि त्याचें तें बरोबरच आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न तर याहून अवघड. दिवाळीच्या सुमारास आईबाप गाडी भरून कारखान्याच्या वाटेला लागतात ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलें मागें राहिलींच तर आजीआजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहांत. बीडकडील अशा एखाद्या गांवीं डिसेंबरची रात्र ठरविली तर निम्म्या मुलांच्या हाताला धरून येणारें कोणी नसतें. तेथें दसऱ्यापूर्वींचा दिवस घ्यावा. त्या दिवसांत ढग आडवे येतील, येऊं द्यावेत. तारे पुढें केव्हांहि दाखवितां येतील.

बोलावणें छापील नको. त्या मुख्याध्यापकांनीं प्रत्येक मुलाकडून त्याच्याच अक्षरांत चार ओळी लिहवून घेतल्या : कामावरून तसेच आलांत तरी चालेल, धाकट्यांना, आजीआजोबांना आणा, भाषण नाहीं, सही नाहीं, वर्गणी नाहीं, चहा आणि भडंग आहे. ज्या घरीं वाचणारें कोणी नाहीं तेथें मुलानें तें वाचून दाखवावयाचें. ज्यांच्या धंद्याचीं टेबलें मांडावयाचीं होतीं त्यांच्या घरीं मात्र शिक्षक स्वतः गेले. मोटारी भरणारे गृहस्थ प्रथम ‘बघू’ म्हणाले. मुख्याध्यापकांनीं आग्रह केला नाहीं. खिशांतून गेल्या वर्षींची ती न फिरलेली मोटार काढली, त्यांच्या ओट्यावर ठेवली आणि निघून आले.

आतां टेबलांविषयीं थोडें विस्तारानें.

पहिलें टेबल स्वयंपाकघराचें. टिपकागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यांत बुडवून वाळविलेल्या. समोर वाट्यांत लिंबाचा रस, चिंचेचा कोळ, साबणाचें पाणी, धुण्याच्या सोड्याचें पाणी आणि चुन्याची निवळी. कोणत्या थेंबानें पट्टी तांबडी होते आणि कोणत्या थेंबानें ती पुन्हां पिवळी होते, हें करून पाहावयाचें. जिनें पातळावरचा हळदीचा डाग साबण लागतांच लाल होतांना शेंकडों वेळां पाहिला आहे, तिला उत्तर आधींच ठाऊक असतें. तें रसायनशास्त्र आहे एवढेंच तिला कोणी सांगितलेलें नसतें. पूर्वीं हळदींत चुना मिसळून घरोघर कुंकू करीत, त्याचेंहि मर्म हेंच. या टेबलावर दोन आया बसविल्या होत्या. त्यांना एकच नियम घालून दिला होता, आणि तो सर्वच टेबलांना होता : उत्तर सांगावयाचें नाहीं. आधीं विचारावयाचें, ‘काय होईल असं वाटतं?’ आणि झाल्यावर विचारावयाचें, ‘असं घरी कुठं पाहिलंय?’ हा दुसरा प्रश्न फार कामाचा ठरला. तो विचारल्यावर मूल आईकडे वळून पाहतें. निवळी डोळ्यांत जाऊं नये म्हणून ती मात्र शिक्षिकेच्या हातीं, थेंबनळीनेंच.

दुसरें टेबल, खरें म्हणजे टेबल नव्हेच, दाराची चौकट होती. तेथें गवंडीकाका ओळंबा घेऊन उभे होते. मुलांनीं ओळंबा धरावा, स्थिर होऊं द्यावा, आणि चौकट सरळ आहे कीं नाहीं तें सांगावें. चौकट बोटभर कललेली निघाली! पारदर्शक नळींत पाणी भरून दोन खांबांवर एकाच उंचीची खूण कशी करावयाची हेंहि काकांनीं दाखविलें. पाणी आपली पातळी सोडत नाहीं, हा पाठ्यपुस्तकांतला नियम तेथें कामावर रुजूं झालेला दिसला. मग त्याच दोरीचा लंबक केला. मीटरभर दोरीचें एक येणें-जाणें सुमारें दोन सेकंदांत होतें. दोरी चौथाई केली कीं एका सेकंदांत. वजन बदललें तर कांहीं फरक पडत नाहीं, यावर पैजा लागल्या, आणि पैज हरणारांत दोन शिक्षक होते.

दुधाच्या टेबलावर केंद्रावरचे दादा लॅक्टोमीटर घेऊन आले होते. शुद्ध दुधांत तो किती बुडतो, पाणी घातल्यावर किती अधिक बुडतो, हें प्रत्येकानें स्वतः वाचावयाचें. एका मुलीनें विचारलें, पाणी घालून वर साखर घातली तर? दादा क्षणभर घुटमळले आणि मग करून दाखविलें : कांटा पुन्हां वर आला. म्हणजे यंत्राला फसवितां येतें; म्हणून केंद्रावर एकाच तपासणीवर भिस्त ठेवीत नाहींत. ही माहिती कोणत्याहि तक्त्यावर लिहिलेली नव्हती.

शिवणयंत्राच्या टेबलाला सर्वांत मोठी रांग लागली. दोरा फक्त वरून जातो, मग खालचा दोरा त्यांत अडकतो कसा, हा प्रश्न मोठ्यांनाहि पडलेला असतो आणि विचारण्याची लाज वाटते. खालची पट्टी काढून चाक हातानें सावकाश फिरविलें म्हणजे सुईच्या दोऱ्याचा फांस बॉबिनला वळसा घालून कसा जातो तें दिसतें. शिवणकाम करणाऱ्या ज्या बाई तें दाखवीत होत्या, त्या पहिल्या घटकेला पदर सांवरून खालीं पाहूनच बोलत होत्या. तासाभरानें त्यांचा आवाज पलीकडच्या टेबलापर्यंत ऐकूं येत होता.

कांहीं टेबलांवर एवढें थांबावयास नको. दूरदर्शनसंचाचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर दाबला तर पुष्कळ फोनांत त्याच्या टोंकाशीं डोळ्यांना न दिसणारा उजेड लुकलुकतांना दिसतो. अवरक्त किरणांची ओळख करून देण्यास याहून स्वस्त साधन नाहीं. लिंबांत जस्ताचा मुलामा दिलेला खिळा व तांब्याची पट्टी खोंचली तर एका लिंबापासून सुमारें पाऊण ते एक व्होल्ट दाब मिळतो. तीनचार लिंबें एकामागें एक जोडलीं म्हणजे तांबडा एल. ई. डी. मंद उजळतो. तो इतका मंद कीं सभागृहाच्या दिव्यांत दिसेना, तेव्हां तें टेबल आयत्या वेळीं जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेंत हलवावें लागलें, आणि मग तेथून हलावयास कोणी तयार होईना. प्रेशर कुकर थंड ठेवूनच दाखविला. त्यांत वाफेच्या दाबामुळें पाणी सुमारें 120 अंशांवर उकळतें, आणि 1646 मीटर उंचीच्या कळसूबाईवर तें सुमारें 95 अंशांवरच उकळूं लागतें. म्हणून डाळ वर उशिरां शिजते आणि कुकरांत लवकर शिजते, एवढें सांगून भागलें.

एका टेबलाविषयीं मात्र शिक्षकांत वाद झाला. 21 सप्टेंबर 1995 रोजीं देशभर गणपतीच्या मूर्ति दूध पितात अशी बातमी पसरली होती, आणि देवळांपुढें रांगा लागल्या होत्या. चमच्यांतील दूध मूर्तीच्या सोंडेला टेंकतांच पृष्ठताण व केशाकर्षण यांमुळें ओढलें जातें आणि पातळ थर होऊन खालीं ओघळतें, असा उलगडा शास्त्रज्ञांनीं त्याच दिवसांत केला. हा प्रयोग ठेवावा कीं नाहीं? एका शिक्षकांचें म्हणणें, अवश्य ठेवावा, आणि मूर्तीवरच करावा. शिक्षिका म्हणाल्या, “ज्या आजी त्या दिवशी रांगेत उभ्या होत्या त्याच आज येणार आहेत. त्यांना नातवंडांपुढे खाली पाहायला लावायचं का?” शेवटीं प्रयोग ठेवला, पण मूर्ति नव्हती. कौल होता, वीट होती, पितळेची मूठ होती, सुपारी होती; समोर दूध, चमचे आणि रंगीत पाणी. रांगेंत उभी राहिलेली एक आजी बराच वेळ तेथें बसली. तिनें विटेला चार चमचे पाजले, कौलाला पाजले, खालीं साचलेलें दूध बोटानें पाहिलें आणि नातीला म्हणाली, “आम्ही खाली पाहिलंच नव्हतं गं.” कोणी कांहीं बोललें नाहीं. शिक्षिकेचें म्हणणें योग्य होतें.

मोटारीचें टेबल अगदीं टोंकाला मांडलें होतें. ही मोटार करण्यास लागतें फार थोडें : एक विजेरीचा सेल, दोन सेफ्टी पिना, जुन्या ध्वनिक्षेपकांतलें चुंबक, आणि लाखेचा लेप असलेल्या तांब्याच्या तारेचें लहान वेटोळें. टाकाऊ वस्तूंतून अशीं खेळणीं करून दाखविण्याचें काम अरविंद गुप्ता यांनीं पुण्याच्या आयुकांत राहून वर्षानुवर्षें केलें, त्यामुळें तिची कृति आज हवी त्याला मिळते. कृति सोपी असूनहि शाळांत ही मोटार बहुधा फिरत नाहीं, कारण सगळी खोंच तारेच्या दोन टोंकांत आहे. एका टोंकाचा लेप सगळ्या बाजूंनीं खरवडावयाचा, आणि दुसऱ्याचा फक्त अर्ध्या बाजूचा. अर्धा फेरा वीज मिळते, अर्धा फेरा बंद होते, आणि वेटोळें आपल्याच गतीनें पुढें जातें. दोन्हीं टोंकें पुरतीं खरवडलीं तर तें झुलतें, फिरत नाहीं. खरवडण्यांत लेप राहिला तर हलतहि नाहीं.

ते गृहस्थ आठ वाजतां आले. हाताला ग्रीस तसेंच होतें. न फिरलेली मोटार त्यांनीं परत आणली होती, आणि ती फिरत होती. पण त्यांनीं ती टेबलावर ठेवली नाहीं. पिशवींतून तारेचें एक रीळ काढलें, खुर्ची ओढली, आणि समोरच्या मुलांना म्हणाले, “ही माझी झाली. तुमची तुम्ही करा.” मग दोन तास तो माणूस जागचा उठला नाहीं. कोणाचें वेटोळें एका बाजूला जड होतें, कोणी तार उलटसुलट गुंडाळली होती. ते हातांत घेऊन पाहत, बोटानें हलकें हलवीत, आणि परत देत. दुरुस्त करून देत नसत. विज्ञानाच्या शिक्षकांनीं त्यांना हळूच विचारलें, पंपाच्या मोटारींत ही अर्धी खरवडण्याची युक्ति कोठें असते? ते म्हणाले, तेथें लागत नाहीं, तेथें वीजच उलटसुलट होत असते. आणि मग वहीच्या पाठीवर खांचा काढून तिन्ही फेजांच्या तारा कशा पडतात तें समजावूं लागले. शिक्षक त्यांच्याजवळ बाकावर बसून लिहून घेत होते. सातवींतून आतां आठवींत गेलेला त्यांचा मुलगा हें सर्व पाहत उभा होता. मग तो रांग लावण्याच्या कामाला लागला, आणि कोणीं न सांगतां तें शेवटपर्यंत करीत राहिला.

त्या रात्रीं चुकाहि झाल्या. साबणाच्या फुग्यांचें टेबल सभागृहांत मांडलें होतें. अर्ध्या तासांत फरशी निसरडी झाली आणि एक वृद्ध गृहस्थ घसरले. लागलें नाहीं हें दैव. ओलें टेबल बाहेर मातींतच हवें. नववींतलीं कांहीं मुलें प्रयोग करण्याऐवजीं मोबाइलवर त्यांचीं छायाचित्रें घेत हिंडत होतीं. त्यांना पुढील खेपेस एकेका टेबलाची जबाबदारी द्यावी. भडंग नऊ वाजतां संपलें.

सुरक्षिततेच्या बाबतींत मात्र मुख्याध्यापकांनीं कोणाचें ऐकलें नाहीं, आणि तें इतरांनींहि ऐकूं नये. भिंतींतल्या विजेवर एकहि प्रयोग नको. सर्व कांहीं सेलांवर. उघडी ज्योत एकाच टेबलावर, वाळूच्या परातींत, आणि शेजारीं पाण्याची बादली घेतलेला एक मोठा माणूस. जुनी यंत्रें उघडून पाहण्याचें टेबल मुलांना फार आवडतें. तेथें घड्याळ, रेडिओ, सायकलीचा डायनॅमो खुशाल उघडावा, पण कांचनळीचा जुना दूरदर्शनसंच कधींहि नाहीं, कारण बंद केल्यावरहि त्यांत जीवघेणा विद्युद्दाब उरलेला असूं शकतो. लेझरचे दिवे मुलांच्या हातीं देऊं नयेत.

नऊनंतर अंगणांतले दिवे घालवून चंद्र दाखविला. पूर्वेकडे मृग वर आला होता. त्याचा बाण, रोहिणी आणि कृत्तिकांचा पुंजका हीं नांवें आजोबांना ठाऊक होतीं, मुलांना नव्हतीं. आजोबांनीं बोट दाखवावें आणि मुलांनीं दुर्बीण फिरवावी अशी वांटणी आपोआप झाली. गुरु त्या वर्षीं त्या वेळीं आकाशांत नव्हता. असता तर 1610 सालच्या जानेवारींत गॅलिलिओनें पाहिले ते त्याचे चार चंद्र लहान दुर्बिणींतूनहि दाखवितां आले असते.

दाराशीं एक वही ठेवली होती. ज्याला जो प्रश्न पडला असेल तो त्यानें लिहावा किंवा सांगून लिहवावा, आणि आठवड्याच्या आंत शाळेनें त्याचें उत्तर शोधावें, असा करार होता. सकाळीं वही उघडली तेव्हां तींत सतरा प्रश्न होते. बहुतेक मोठ्यांचे होते. एका आजीनें नातवाकडून लिहविलें होतें : पानाला चुना लावल्यावर तोंड लाल होतें तें कातामुळें कीं सुपारीमुळें, आणि हळद लाल होते तेंच का हें? विज्ञानाच्या शिक्षकांना उत्तर येत नव्हतें. त्यांनीं सोमवारीं आठवीच्या वर्गांत तीन वाट्या मांडल्या. एकींत कात, एकींत किसलेली सुपारी, एकींत वाटलेलें पान. चुना हवा होता. नातू मधल्या सुटींत घरीं धांवला आणि डबीबरोबर आजीलाहि घेऊन आला. चुना तिनेंच घातला, नेमाचा, नखाच्या टोंकानें. कात लाल झाला, सुपारीहि हळूहळू लाल होत गेली. पानाची वाटी हिरवीच राहिली.